डाऊन सिंड्रोमवाल्या आपल्या माणसाची चाळिशी आली की काय बघायचं, काय लिहून ठेवायचं

डाऊन सिंड्रोम असलेला माणूस चाळिशी-पंचेचाळिशीत गप्प गप्प राहायला लागला, रोजची कामं सोडायला लागला, की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते "तो पहिल्यापासून तसाच आहे हो", आणि दुसरी मोबाईलवर वाचून येते आणि म्हणते "अल्झायमर असणार, आता काय उपयोग". गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या त्याला डॉक्टरकडे काही नेत नाहीत. आमच्या दादाच्या बाबतीत हे सगळं बघून झालंय, तो आता अठ्ठेचाळीसचा आहे, आणि आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत, शाळेच्या जुन्या पालकांत जे जे विचारतात त्यांना मी तेच तेच सांगत असते, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी कारण, थोडक्यात. आपल्याकडे २१ नंबरच्या क्रोमोसोमच्या दोन कॉप्या असतात, डाऊनमध्ये तीन, हे १९५९ पासून माहितीये. आता एपीपी नावाचा जीन नेमका त्याच २१ नंबरवर आहे, त्याच्यापासून जे प्रोटीन बनतं त्याचे तुकडे पडून अमायलॉइड तयार होतं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं ते हेच. जीन तीन म्हणजे प्रोटीन पहिल्यापासूनच जास्त. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत हे साचलेलं सापडतं, पण लक्षणं तेव्हाच दिसतात असं नाही. निदान होतं त्याचं सरासरी वय ५३-५५ च्या आसपास, कुणाचं पंचेचाळिशीत, कुणी साठी ओलांडली तरी ठणठणीत. आयुष्यभराचा हिशोब धरला तर धोका ९० टक्क्यांच्या वर आहे, हे कडू आहे पण खरं आहे. १९९८ साली एका ७८ वर्षांच्या बाईंची केस छापून आली होती, डाऊन होतं पण २१ नंबरचा फक्त तुकडाच जास्तीचा होता आणि त्यात हा एपीपी नव्हता, तर त्यांना अल्झायमर झालाच नव्हता. सांगायचा मुद्दा, याचा आईने गरोदरपणात काय खाल्लं, लहानपणी ताप आला होता का, याच्याशी काही संबंध नाही, तेवढं तरी आत्याबाईंना सांगून टाका.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही कारण तेव्हा ही मुलं एवढी जगतच नव्हती. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास सरासरी आयुष्य २५ च्या आसपास होतं, आता साठीच्या घरात आहे. म्हणजे पन्नाशीतला डाऊनवाला माणूस ही डॉक्टरांसाठी पण नवीन गोष्ट आहे, आणि म्हणूनच ओपीडीत गेल्यावर अर्धं काम आपल्यालाच करावं लागतं.

ते काम म्हणजे वही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, वही ठेवा.

का, ते सांगते. म्हाताऱ्या माणसाची मेमरी टेस्ट असते ना, आज वार कुठला, शंभरातून सात वजा करा, तीन शब्द लक्षात ठेवा, ती इथे काहीच कामाची नाही. दादाला शंभरातून सात वजा करता कधीच आलं नाही, वीस वर्षांपूर्वी पण नाही. मग आज नाही आलं यावरून काय कळणार? त्याची तुलना फक्त त्याच्याशीच होऊ शकते, कालचा दादा आणि आजचा दादा, आणि कालचा दादा कसा होता हे कुठे लिहिलेलंच नसेल तर डॉक्टर तुमच्या तोंडाकडे बघणार आणि तुम्ही एकमेकांच्या. म्हणून तब्येत चांगली असतानाच, पस्तिशीच्या आसपास, एकदा पूर्ण लिहून ठेवायचं, आणि चाळिशीनंतर दरवर्षी परत. उशीर झाला असेल तर आज लिहा, आजचं पण दोन वर्षांनी कामाला येतं.

काय लिहायचं? "सगळं स्वतःचं स्वतः करतो" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. बारीक लिहा. शर्टाची बटणं स्वतः लावतो, वरचं लावता येत नाही. अंघोळीला गरम-गार पाणी स्वतः मिसळतो. डेअरीवरून दुधाच्या दोन पिशव्या आणतो, सुटे मोजता येत नाहीत पण नोट देऊन उरलेले परत आणतो. जेवायला बसायच्या आधी ताटं तोच मांडतो आणि कुणाचं कुठलं ताट ते बरोब्बर माहिती. मजल्यावरच्या सगळ्या पोरांची नावं घेतो. किती शब्दांचं वाक्य बोलतो, त्याची चारपाच वाक्यं जशीच्या तशी लिहा, तोतरं असेल तर तोतरंच. जिना कसा उतरतो, कठडा धरून की न धरता, एका पायरीवर दोन्ही पाय की एकेक. रात्री किती वेळा उठतो, घोरतो का. वजन. संडास-लघवीला कधी कपडे खराब होतात का. आवडीचं काय, म्हणजे कशासाठी तो हातातलं काम टाकून धावत येतो.

आणि व्हिडिओ काढा, हे मला वहीपेक्षा पण भारी वाटतं. दरवर्षी वाढदिवसाला दोन-तीन मिनिटांचे चारच व्हिडिओ, चहा करताना किंवा जे काही करतो ते, जिना चढता-उतरताना, सही करताना, आणि जुना फोटो हातात देऊन "हे कोण, इथे आपण काय केलं" असं गप्पा मारताना. तारीख टाकून गूगल ड्राइव्हवर ठेवा, मोबाईल लोकलमध्ये चोरीला गेला तर सगळं जाईल नाहीतर.

आता बदल कसा दिसतो ते. लोक विसरण्याची वाट बघत बसतात, पण डाऊनमध्ये बऱ्याचदा सुरुवात विसरण्याने होतच नाही, स्वभावाने होते. हौशी माणूस एकदम निरुत्साही होतो, किंवा शांत माणूस हट्टी होतो, चिडतो, एकच वस्तू दहादा जागेवर ठेवतो. दादाचं ताट मांडणं असंच गेलं. आधी चारऐवजी तीन मांडली, मग ताटं मांडली पण वाट्या ठेवायच्या राहिल्या, मग ताटं हातात घेऊन ओट्यापाशी उभा, पुढे काय ते कळेना, आणि मी "मांड ना दादा" म्हटल्यावर चिडला. कामातल्या पायऱ्या गळत जातात, हे लक्षात ठेवा, ते वहीत तारखेसकट लिहा.

दुसरी खूण चालण्यात. जमिनीचा रंग बदलला की थांबणं. आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये काळसर लादी संपून पांढरी टाइल सुरू होते, तिथे दादा पायाने चाचपडून बघतो, जणू पायरी आहे. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, म्हणून तो त्याला वळसा घालून जायचा, आम्ही ते काढूनच टाकलं. लिफ्टच्या फटीपाशी, रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांवर, प्लॅटफॉर्म आणि डब्यातल्या गॅपपाशी अडणं हे हट्ट म्हणून घेऊ नका, त्याला खोली कळत नाहीये.

तिसरी खूण फिट. आयुष्यात कधी फिट न आलेल्या डाऊनच्या माणसाला चाळिशीनंतर पहिल्यांदा फिट आली, किंवा सकाळी उठल्या उठल्या हातापायाला झटके येतात, हातातला कप उडतो, तर ही अल्झायमरशी जोडलेली गोष्ट आहे आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचीच. फिटला औषध आहे आणि बऱ्याचदा लागू पडतं. पाच मिनिटांच्या वर चालली तर १०८ ला फोन, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर करा.

पण थांबा, इतकं वाचून "झालं, आमच्याकडे हेच" असं ठरवू नका, कारण याच्यासारखीच दिसणारी आणि बरी होणारी दुखणी डाऊनमध्ये ढिगाने असतात, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो ती न तपासता "वयाचं आहे" म्हणून परत पाठवतात त्याचा. आमच्या इथल्या एका डॉक्टरांनी तर दादाकडे मान वर करून पण बघितलं नव्हतं.

थायरॉइड पहिलं. डाऊनमध्ये थायरॉइड कमी असणं इतकं कॉमन आहे की टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी करायचीच असते, आणि कमी असलं की माणूस मंद, झोपाळू, सुजलेला, विसराळू, सगळं अगदी डिमेन्शियासारखं, म्हणजे अल्झायमरमध्ये स्मरणशक्ती आणि समज जाते ना, तसंच. त्याच रक्तात बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, कॅल्शियम, किडनी-लिव्हर करून घ्या.

कान. यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, शिवाय ऐकू येणं लवकर कमी होतं. हाक मारल्यावर ओ देत नाही म्हणजे विसरलाय असं नाही, ऐकूच येत नसेल. आधी ईएनटीकडून मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे तिथे होते. डोळे पण, मोतीबिंदू यांना लवकर येतो. झोप, घोरतो आणि मधेच श्वास थांबतो असं असेल तर स्लीप ॲप्निया, दिवसभर पेंगणं आणि चिडचिड त्याने पण होते, स्लीप स्टडीबद्दल विचारा. बायकांची पाळी लवकर जाते, ते लक्षात घ्या. दात दुखतोय, बद्धकोष्ठ आहे, लघवीत इन्फेक्शन आहे, हे तो तोंडाने सांगणार नाही, वागण्यातून सांगणार.

चालणं अचानक बिघडलं, पाय ओढायला लागला, मान वाकडी धरतो, लघवीवरचा ताबा गेला, तर मानेचा एक्स-रे मागा. डाऊनमध्ये मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो, ते वेगळंच प्रकरण आहे आणि त्याला थांबून चालत नाही.

गोळ्या. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, झोपेच्या गोळ्या, काही जुनी डिप्रेशनची औषधं, मानसिक आजाराच्या औषधांबरोबर देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल, यांनी डोकं आणखी गुंगतं. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, आयुर्वेदिक पुड्यांसकट.

आणि दुःख. याच वयात आई नाहीतर वडील जातात, ताई लग्न होऊन जाते, कार्यशाळा बंद पडते. आपण तेरावं घालून मोकळे होतो, त्याला कुणी नीट सांगितलेलं पण नसतं की आई गेली म्हणजे काय. तो जेवण सोडतो, बोलणं सोडतो. डिप्रेशन आहे ते, आणि त्याला उपचार आहेत, सायकिॲट्रिस्टला दाखवा. कुठे दाखवायचं तेच कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करून विचारा, मराठीत बोलतात.

वेगाकडे पण लक्ष ठेवा. दोन दिवसांत एकदम बिघडला तर ते अल्झायमर नाही, इन्फेक्शन, औषध, पडून डोक्याला मार, असं काहीतरी आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल. चाळिशीच्या आत असेल तर अल्झायमर शक्यतोवर नसतोच, विशी-पंचविशीत अचानक बोलणं-वागणं मागे जाणं हा वेगळा प्रकार आहे, त्याच्यावर वेगळे उपचार होतात. अल्झायमर महिन्या-वर्षांनी हळूहळू सरकतो, म्हणूनच तारखा लागतात.

आता ओपीडी. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे न्यूरॉलॉजी आणि सायकिॲट्री दोन्ही आहेत. एकट्याने जाऊ नका, एक जण केसपेपरच्या लाइनीत आणि एक जण त्याच्याबरोबर बाहेर, कारण त्या गर्दीत आणि आवाजात चांगला माणूस पण बिथरतो. डबा, पाणी, जास्तीचे कपडे, त्याची आवडती वस्तू. डॉक्टरांना पूर्ण वही देऊ नका, त्यांना वेळ नसतो, एका पानावर काढून न्या, दोन वर्षांपूर्वी काय करायचा आणि आता काय करत नाही, कधीपासून, फिट आहे का, कुठल्या गोळ्या, थायरॉइडचा रिपोर्ट. एनटीजी-ईडीएसडी नावाचा एक फॉर्म आहे, डाऊन वगैरे असलेल्यांसाठीच बनवलेला, घरच्या माणसाने भरायचा, त्याने निदान होत नाही पण काय काय बदललं ते एका जागी येतं, नेटवर मिळतो, भरून न्या. आणि त्याच्याशी बोला म्हणून डॉक्टरांना सांगा, "पेशंट कुठेय" असं त्याच्यासमोर विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

एमआरआय लगेच लागतोच असं नाही. बऱ्याच जणांना मशीनमध्ये झोपवायला भूल द्यावी लागते, तर मान सैल असू शकते, घोरण्याचा त्रास आहे, हार्टचं ऑपरेशन झालंय, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी तोंडाने सांगा, फाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका.

औषधांचं खरं सांगायचं तर आजार थांबवणारी गोळी नाही. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन देतात, काहींना थोडा फरक पडतो, पण हृदयाचे ठोके कमी होऊ शकतात म्हणून आधी ईसीजी, अगदी छोट्या डोसने सुरुवात, आणि जुलाब, भूक जाणं, वाईट स्वप्नं यावर लक्ष. मेमँटिनची चाळिशीच्या पुढच्या डाऊनवाल्यांवर मोठी ट्रायल झाली होती, २०१२ ला रिझल्ट आला, फायदा दिसला नाही. पेपरात येतात ती नवीन अमायलॉइड साफ करणारी सलाइनची औषधं डाऊनवाल्यांवर त्यांच्या स्वतःच्या ट्रायलमध्ये तपासलेलीच नव्हती, आणि यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत पण अमायलॉइड असतं म्हणून रक्तस्रावाची भीती जास्त, त्यामुळे "महाग आहे म्हणजे चांगलं" असं धरून जमीन विकायला जाऊ नका.

घरात काय करायचं, यातच खरी मजा आणि खरा वैताग. संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच लाइट लावा, सावल्यांनी घाबरतात. आरशातल्या माणसाला घाबरायला लागला तर आरसा झाका. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही आणि स्टीलचं ताट ट्यूबलाइटखाली चमकतं, आम्ही गडद निळं ताट आणलं तर दादा परत स्वतःच्या हाताने जेवायला लागला. संडासाच्या दारावर चित्र लावा. घर बदलू नका, फर्निचर हलवू नका, रीडेव्हलपमेंटची नोटीस आली असेल तर देवच वाली, पण त्याची खाट, चादर आणि घड्याळ नव्या जागी पहिल्या दिवसापासून तशीच लावा.

प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका. गणपतीत घरी येणारा प्रत्येक जण "ओळख बघू मी कोण?" करतो ना, त्याला दारातच सांगून ठेवा की आत येताना "दादा, मी विनू, ठाण्याचा" असं म्हणत ये. दादाला पाहुणे आठवत नाहीत पण आरतीच्या टाळ्या अजून ठेक्यात पडतात, झांजा त्याच्याकडेच असतात. आई कुठेय म्हणून विचारलं तर दर वेळी "आई गेली" सांगायची गरज नाही, त्याला ते दर वेळी नव्यानेच कळतं. "आईची आठवण येतेय ना" म्हणा, अल्बम काढा.

बाहेर जाऊन हरवण्याची भीती असेल तर खिशात नाव-नंबरचं कार्ड, वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी आणि डेअरीवाल्याला सांगून ठेवा, त्याचा आजचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. हरवला तर वाट न बघता ११२.

पुढे जाऊन सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे गिळणं, कारण शेवटी या आजारात बरेच जण न्यूमोनियाने जातात, अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज घोगरा, घास गालात धरून ठेवणं, सारखा ताप, वजन उतरणं, यातलं काही दिसलं की स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी. सरळ बसवून भरवा, छोटा घास, टीव्ही बंद, जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. पातळ पाण्यापेक्षा घट्ट पेज, मऊ खिचडी काहींना सोपी जाते, पण ते तपासणीनंतर ठरवा. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे बंद.

कागदपत्रं तब्येत बरी असतानाच करा. दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते. आईवडील दोघंही म्हातारे असतील तर नॅशनल ट्रस्ट ॲक्ट १९९९ खाली पालकत्व घ्या, अर्ज जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडे जातो, आणि मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत म्हणून तुमचा पत्ता कुठल्यात येतो ते आधी बघा, नाहीतर चकरा. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. वडील सरकारी नोकरीतले पेन्शनर असतील तर दिव्यांग मुलाचं नाव फॅमिली पेन्शनसाठी ते हयात असतानाच नोंदवून घ्या, नंतर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

आणि भावंडांनो, हे एकाच बहिणीच्या गळ्यात मारू नका. पैसे कोण देणार, रात्री कोण, रविवारी कोण, हे तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. सांभाळायला ब्युरोचा माणूस लावलात तर त्याला पहिल्या दिवशी तीन गोष्टी दाखवा, भरवायचं कसं, फिट आली तर काय करायचं, आणि दादाला कशाने हसू येतं ते. आमच्याकडे तिसरं म्हणजे टोपी उलटी घालायची, ब्युरोच्या आधीच्या मामांनी शोधून काढलेलं, आता नवीन येईल त्याला तेच सांगून जातात.